अंबाडी न्हवं ती

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे साडेआठ झालेले, इकडे कॅनडात उन्हाळ्यात त्या वेळेला लख्ख उजेड असतो, मी मागच्या अंगणात उकिडवा बसून मोबाईल एका झाडाच्या पानांवर धरलेला. पलीकडे तासगावजवळ आमच्या मळ्यात सकाळचे सहा. आई चहाचं आधण ठेवून स्क्रीनमध्ये डोकावली आणि म्हणाली, "आगं बया, अंबाडी लावलीयस व्हय? मग पिवळी कशानं पडली रं? खुडून घे की आत्ताच, भाजी तरी हुईल."

मी गप्प. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, चष्मा शोधला, फोन हातात घेतला, नाकाला लागेल इतका जवळ नेला. मग "अंबाडी न्हवं ती" एवढंच बोलले आणि फोन घेऊन बाहेर ओट्यावर आले. आईला ऐकू जाणार नाही इतकं लांब आल्यावर हळूच, "गांजा हाय न्हवं ह्यो?"

हो म्हटलं. खोटं काय बोलणार, ज्या माणसाने चाळीस वर्षं द्राक्षाची पानं बघून पोट भरलंय त्याला पानात फसवता येत नाही.

आईची चूक मात्र अगदीच चूक नव्हती बरं का. देशी अंबाडीचं शास्त्रीय नावच मुळी हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे कॅनाबिससारख्या, गांजासारख्या, पानांची अंबाडी. नाव ठेवणाऱ्यालाही तेच वाटलं जे आईला वाटलं, फक्त त्याला कण्या आणि लसणाची फोडणी आठवली नसावी.

आता कायद्याचं आधी उरकून घेतो, नाहीतर वाचणाऱ्याचं सगळं लक्ष तिकडेच राहील. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे कायदेशीर आहे. आमच्या ओंटारिओत एका घराला ४ झाडं, माणशी नाही, घराला. बिया सरकारी ऑनलाइन दुकानातून मागवल्या, कुरिअरवाल्याने वयाचा पुरावा बघून पाकीट दिलं. शेजारच्या क्यूबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि ती २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही उचलून धरली, म्हणजे इथेही सगळीकडे सारखं नाही. आणि भारतात १९८५ चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा, लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. अण्णांना हे पाठ, कारण उसाच्या फडात नाहीतर हळदीत गांजाची झाडं सापडली अशी बातमी आमच्या भागातल्या पेपरात अधूनमधून येतेच. "सरकार स्वतः बी इकतंय?" हे त्यांनी त्या दिवशी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा हसले. मग म्हणाले, "बरं दाव. खालचं पान दाव आधी."

मी का लावली झाडं? खरं सांगायचं तर ओढण्यासाठी नाही, वर्षातून दोनदा मित्रांबरोबर बसलो तर. मला झाडं लावायची खाज आहे आणि अंगण आहे बारा बाय पंधराचं. मिरच्या, टोमॅटो, मेथी, कढीपत्ता कुंडीत (तो हिवाळ्यात आत घ्यावा लागतो, लहान मूल सांभाळल्यासारखा). ही ४ झाडं त्यात एक नवी हौस. शेजारी म्हणाला तण आहे रे ते, कुठेही वाढतं, काही करावं लागत नाही. त्या शेजाऱ्याचा सल्ला मी आता कशातच घेत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात थंडी पूर्ण गेल्यावर २० लिटरच्या कापडी कुंड्यांत, पीटच्या तयार मातीत लावली. महिनाभर अशी काही वाढली की मी रोज फोटो काढायचो. मग जुलैच्या सुरुवातीला खालची पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी, आणि कडा करपल्यासारख्या तपकिरी. आता अशा वेळी माणूस काय करतो? दुकानात जातो. मी एक बाटली आणली वाढीच्या खताची, फरक पडेना म्हणून मात्रा वाढवली, मग कॅल्शियम-मॅग्नेशियमची दुसरी बाटली, मग कुणीतरी म्हणालं मुळांसाठी तिसरी. तीन आठवड्यांत नव्वदेक डॉलर गेले. खालची पानं पिवळीच, आणि वर भलतंच सुरू झालं, वरची पानं काळपट हिरवीगार झाली आणि टोकं खाली वळली, घारीच्या नख्यांसारखी. एकाच झाडावर खाली उपास आणि वर अजीर्ण. तेव्हा घरी फोन लावला.

अण्णांची पद्धत अशी की ते पहिल्यांदा काय कमी आहे हे सांगतच नाहीत, प्रश्न विचारतात. कुठलं पान, जुनं का नवं? शिर हिरवी हाय का तीबी पिवळी? कड जळलीय का टोक? पान पालथं करून बघितलंस का? पाणी कुठलं? आणि शेवटी, काय काय घातलंस, खरं सांग.

पहिल्या प्रश्नातच निम्मं उत्तर असतं हे मला त्या दिवशी कळलं, म्हणजे शाळेत वाचलं असेल पण कळलं त्या दिवशी. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम ही मंडळी झाडात फिरती आहेत. कमी पडली की झाड जुन्या पानातून काढून नव्या शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी जातात. कॅल्शियम, लोह, बोरॉन एकदा जिथे बसलं तिथे बसलं, ते हलत नाही, म्हणून त्यांची टंचाई शेंड्याच्या कोवळ्या पानात दिसते. अण्णा म्हणतात, "नत्र म्हंजे डब्यातलं पीठ, शेजारणीला उसनं देता येतं. कॅल्शियम म्हंजे भिताडातली वीट. ती काढून कुणाला देणार?" आणि खरंच कॅल्शियम पेशींच्या भिंतीतच बसलेलं असतं. हे त्यांना कुणी सांगितलं माहीत नाही, विचारलं तर म्हणाले, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रात एका चर्चासत्राला गेलो होतो, जेवण चांगलं होतं.

खालची पानं सगळीच्या सगळी, शिरांसकट, फिकी पिवळी पडत गेली तर नत्र. शिरा हिरव्या आणि मधेच पिवळं तर मॅग्नेशियम. नुसती कड भाजल्यासारखी तर पालाश, नाहीतर क्षार. माझ्याकडे मॅग्नेशियम आणि कड दोन्ही होतं. इथे अण्णा थांबले. "पाणी कुठलं घालतोस?"

नळाचं, म्हटलं.

"कुठल्या नळाचं?"

हा प्रश्न मला तेव्हा वेडगळ वाटला, नळाचं पाणी म्हणजे नळाचं पाणी. पण आमच्या किचनर-वॉटरलू भागात बरंचसं पाणी जमिनीखालून येतं, चुनखडीच्या थरांतून, आणि ते इतकं जड असतं की केटलीत आठवड्यात पांढरा थर धरतो. म्हणून घरोघरी तळघरात पाणी मऊ करायचं मशीन असतं आणि त्यात मीठ ओतावं लागतं, चांगल्या २०-२० किलोच्या गोण्या, मीच वाहून आणतो. ते मशीन पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. साबणाला फेस येतो, कपडे मऊ राहतात, सगळं छान. अंगणातल्या पाइपला सहसा हे मऊ पाणी जोडलेलं नसतं, पण मला झारी भरायला तळघरातलं धुण्याचं सिंक सोयीचं पडायचं, तिथे धार मोठी.

म्हणजे मी काय करत होतो बघा. पाण्यात फुकट येणारं मॅग्नेशियम मशीनकडून काढून घेत होतो, त्या जागी झाडाला सोडियम पाजत होतो, आणि मग तेच मॅग्नेशियम बाटलीतून पैसे देऊन विकत आणून वरून ओतत होतो.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "आरं, लोकं जमिनीतलं मीठ घालवायला जिप्सम टाकत्यात, आणि तू गोण्या घेऊन मीठ घालतोयस."

सोडियम हा आमच्या घरातला जुना वैरी आहे. आमच्या बागेला पाणी बोअरचं, उन्हाळ्यात खोल जाईल तसं खारट, आणि मी कॉलेजात असताना २००३ च्या दुष्काळात तर तासगाव-कवठेमहांकाळकडे लोकांनी बागा टँकरच्या पाण्यावर जगवल्या, अण्णांनीही. त्या सुमारास त्यांनी स्वमुळावरची बाग काढून डॉगरिज खुंटावर, म्हणजे जंगली द्राक्षाच्या मुळावर, कलमं केली, कारण हा खुंट क्षार आणि पाण्याची ओढ दोन्ही सोसतो. आजही एप्रिल छाटणीनंतर ४५ दिवसांनी पाचव्या पानाचे देठ खुडून, पिशवीत घालून लॅबला पाठवतात, देठ परीक्षण, आणि रिपोर्ट आला की आधी सोडियमचा आकडा बघतात, नत्राचा नंतर. मी बी.ई. झालो, इकडे आलो, घर घेतलं, आणि मला पाण्यातलं सोडियम आठवलं नाही. असो.

उपाय सांगितला तो जवळजवळ बिनपैशाचा. सगळ्या बाटल्या बंद. बाहेरच्या पाइपचं पाणी घेऊन प्रत्येक कुंडी धुऊन काढ, २० लिटरच्या कुंडीला ६० लिटर, हळूहळू, खालून पहिल्यांदा चहासारखं पाणी येईल, ते निवळेपर्यंत. मग कुंडी उचलून हलकी लागेपर्यंत थेंब घालायचा नाही. त्यानंतर फक्त मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, फवारणीतून, ऊन उतरल्यावर. हेच औषधाच्या दुकानात एप्सम सॉल्ट म्हणून पाय शेकायला मिळतं, दोन किलोचा डबा, माझ्या बाटलीच्या एक चतुर्थांश किमतीत. आणि मुख्य म्हणजे, "जळलेल्या पानाकडं बघत बसू नकोस. त्ये काय परत हिरवं हुणार न्हाय. नवीन पान कसं येतंय त्ये बघ."

हे सगळ्यात अवघड गेलं मला. रोज सकाळी कॉफी घेऊन मी खालच्या मेलेल्या पानांकडेच बघायचो, डोळा तिकडेच जायचा. शेवटी बायकोने ती पानं कात्रीने कापून टाकली.

वरची काळपट, वाकलेली पानं हा वेगळा मामला, तो सरळ नत्राचा माज. द्राक्षातही युरिया जास्त झाला की वेल माजतो, शेंडा पळतो, पेरं लांबतात, आणि घड मात्र येत नाहीत, नुसता पाला. "माजल्याला वेल आणि माजल्यालं बैल, दोगांस्नीबी उपाशी ठेवायचं," ही अण्णांची ओरिजनल म्हण, ती त्यांनी त्या महिन्यात चारदा वापरली.

बाटल्यांवरून एक आठवलं, हे थोडं बाजूला जातंय. ठिबक नवीन आलं तेव्हा अण्णांनी एकदा २०० लिटरच्या बॅरलमध्ये कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र ढवळलं. वेळ वाचवायला. बॅरलमध्ये पांढरा गाळ धरला, म्हणजे कॅल्शियम आणि सल्फेट मिळून जिप्समच तयार झालं, फिल्टर चोंदला, आणि दोन एकरातले ड्रिपर आम्ही सगळ्यांनी मिळून टाचणीने मोकळे केले. मी सहावीत होतो. अंगठ्याला फोड आले होते. तर मी जेव्हा फोनवर म्हणालो की मी तिन्ही बाटल्या वेळ वाचवायला एकाच झारीत ओततो, तेव्हा पलीकडून फक्त आईला हाक ऐकू आली, "ऐकलं का, तुझं पोरगं माझ्यावरच गेलंय."

ऑगस्टपर्यंत झाडं सुधारली, खाली नवीन पिवळं दिसेना, मी खूश. मग शेंडे फिके पडायला लागले. या वेळी उलटं, अगदी वरची कोवळी पानं लिंबाच्या सालीसारखी पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, दिसायला खरं तर सुंदर. मी आता शिकलेला गडी, स्वतःच निदान केलं, नवीन पान, हिरवी शिर, म्हणजे लोह. अण्णांना फुशारकीने सांगितलं फेरस कमी आहे, कुठलं आणू?

"कमी न्हाय. हाय, पण अडकलंय."

महिनाभर मी बाहेरच्या पाइपचं जड पाणी घालत होतो ना, त्यातल्या चुनखडीने मातीचा सामू (पीएच) वर चढवला होता. मीटर आणलं, कुंडीखालून निघालेलं पाणी मोजलं तर ७.६. या झाडाला मातीत ६ ते ७ मानवतं. सामू वर गेला की लोह, मँगनीज, जस्त मातीत असूनही मुळाला उचलता येत नाही, म्हणजे कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली. आमच्या चुनखडीच्या रानात द्राक्षाचं तसंच होतं. तिथे अण्णा चिलेटेड फेरस, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून बांधून दिलेलं लोह, वापरतात, त्यातही ईडीटीएवालं अशा जमिनीत टिकत नाही म्हणून ईडीडीएचए, लालभडक, महाग. पण ते म्हणाले तू काही एकरभर लावलं नाहीस, पाऊस पडतो का तिकडे? पडतो. मग पन्हाळीखाली पिंप ठेव.

पावसाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नसतं, ना चुना ना सोडियम. निम्मं पावसाचं, निम्मं पाइपचं. पंधरा दिवसांत मीटर ६.७ वर आला आणि शेंडा हिरवा धरायला लागला. मीटर सोडला तर एक दमडी खर्च नाही. मला मात्र त्या नव्वद डॉलरच्या बाटल्या गॅरेजमध्ये दिसायच्या रोज.

पण एक गंमत झाली मधे. एका झाडाच्या पानांवर बारीक पांढरट-पिवळे ठिपके आले, सुईने टोचल्यासारखे. मी जस्तावर गेलो, मग मँगनीजवर, रात्री बारापर्यंत फोटो ताडून बघत बसलो. सकाळी अण्णांना दाखवलं तर, "पान पालथं कर." केलं. मागे धुळीसारखं काहीतरी, आणि ती धूळ चालत होती. लाल कोळी. कोरड्या उन्हात वाढतो, पानाच्या मागे बसून रस पितो. पाइपची जोरात धार मारून तीन-चार दिवस पानांच्या मागची बाजू धुतली, संपलं. "औषधाच्या आधी पालथं करून बघायचं," अण्णा म्हणाले, "निम्मं पीक पाठीमागनंच खराब हुतं."

सप्टेंबरात फुलं भरायला लागली, दिवस लहान होत गेले तशी, आणि परत खालची पानं पिवळी. या वेळी सगळीच, शिरांसकट, हळूहळू. मी बाटलीचं झाकण उघडलं होतं हो, खरंच सांगतो, हातात होती. पण आधी फोन केला. अण्णा तेव्हा ऑक्टोबर छाटणीच्या घाईत, मजूर यायचे होते, डोळे फुटायची पेस्ट लावायची होती, म्हणाले आता पिकाचा काळ आलाय, झाड जुन्या पानातलं काढून फुलात भरतंय, आता नत्र घातलंस तर परत पाला काढंल, गप बस. मी गप बसलो. आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक. पानं गळत गेली, फुलं मात्र जड होत गेली, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीआधी झाडं कापली. जे मिळालं ते काचेच्या बरण्यांत वरच्या कपाटात आहे, अजून निम्म्याहून जास्त. आई व्हिडिओवर विचारते अंबाडीचं काय झालं, मी सांगतो थंडीने गेली.

कापणीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनीच फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, सांग आता काय कमी आहे. द्राक्षाचं पान, उशिरा छाटायच्या प्लॉटमधलं, खालच्या अंगाचं, मोठं, शिरांच्या मधे तेलकट पिवळे डाग, शिरा बऱ्यापैकी हिरव्या. मी फोटो मोठा केला, लहान केला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून परत बघितला. जुनं पान. शिर हिरवी. मधे पिवळं. मनात म्हटलं हे तर माझंच जुलैतलं झाड. ताबडतोब टाइप केलं, मॅग्नेशियम, लिटरला ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर. वर अंगठा पण टाकला एक.

दहा मिनिटांनी व्हॉइस मेसेज आला. आधी नुसतं हसणं, मागे ट्रॅक्टरचा आवाज. मग,

"डाऊनी हाय ती लेका. खाली पांढरी बुरशी धरलीया. पान पालथं करून दावा म्हणालास का?"